पाण्यातल्या भुतांच्या गोष्टी सांगा ना

माझी आजी भांडुपला राहायची, तिथल्या चाळीमागच्या विहिरीत साती आसरा आहेत म्हणून अमावास्येला नारळ ठेवायची, आणि आम्हाला तिन्हीसांजेला तिकडे फिरकायचीसुद्धा बंदी. आता तिथे बिल्डिंग झालीय, विहीर बुजवली. तुमच्या एरियातल्या अशा काही गोष्टी आहेत का?

खारावारा: आसरा म्हणजे भूत नाही रे, जलदेवता. कोकणातला गिऱ्हा वेगळा, तो आपल्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि खोल पाण्यात नेतो. माझे मामा अजूनही रात्री पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, बेल वाजली तरी!! मामी वैतागते.

गिरगावकर: मलेरियामुळे पालिकेने विहिरी बंद करायला घेतल्या तेव्हा लोक आतल्या देवतेच्या कोपाला घाबरून विरोध करायचे. मुंबई पालिकेतच अधिकारी असलेल्या रुस्तम मसानींनी १९१८ साली यावर इंग्रजीत पुस्तकच लिहिलंय.

रेवसची लाँच: मला भुतापेक्षा रामदास बोटीची भीती वाटते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली, वाटेत बुडाली, ६०० च्या वर माणसं गेली. आमचे आजोबा लाँच त्या पट्ट्यात आली की बोलणं थांबवून खिशातलं नाणं पाण्यात टाकायचे, कोणाला ते कधी सांगितलं नाही.

खारावारा: @रेवसची लाँच बापरे, काटा आला. मी रविवारी अलिबागला चाललोय यार