सद्गुणांच्या चित्रांवरील स्मारक नाणी कशी ओळखावीत?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. प्रबोधनकाळातील इटालियन चित्रांत सद्गुणांना स्त्रीरूप दिलेले आढळते. त्यांवर बेतलेली चांदीची स्मारक नाणी संग्रहासाठी घेण्याचा माझा विचार आहे. विक्रेते केवळ ‘न्याय’, ‘धैर्य’ एवढेच लिहितात. मूळ चित्र कोणते आणि हाती आलेली वस्तू नाणे आहे की पदक, हे कसे ओळखावे?

उत्तर (पैठण)
सर्वप्रथम त्या स्त्रीच्या हातातील वस्तू पाहावी. फ्लॉरेन्सच्या व्यापारी न्यायाधिकरणाने १४६९ मध्ये सात सद्गुणांची चित्रे करवून घ्यायला सुरुवात केली. त्यांपैकी सहा पिएरो देल पोलाइउओलोने आणि ‘धैर्य’ हे तरुण बोत्तिचेल्लीने १४७० मध्ये रंगवले. सातही चित्रे आज उफ्फिझी संग्रहालयात आहेत. तेथे विवेकाजवळ आरसा व साप आहे, न्यायाजवळ तलवार आहे, तर संयम एका पात्रातून दुसऱ्या पात्रात पाणी ओततो. याउलट राफाएलने १५११ मध्ये व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगवलेल्या संयमाच्या हाती लगाम आहे आणि धैर्याच्या हाती ओकची फांदी, कारण ओक हे पोप दुसरे ज्युलियस यांच्या देल्ला रोव्हेरे घराण्याचे चिन्ह होते. म्हणून लगाम दिसत असूनही वर्णनात पोलाइउओलोचे नाव असेल, तर ते वर्णन चुकीचे समजावे. श्रद्धेचा पांढरा, आशेचा हिरवा आणि प्रेमाचा तांबडा हे परंपरेचे रंग धातूत उतरत नाहीत, त्यामुळे ओळखीचा सारा भार या वस्तूंवरच येतो.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
नाणे कायद्याच्या अधिकाराने निघते आणि त्यावर देशाचे नाव व दर्शनी मूल्य असते. पदकावर दर्शनी मूल्य नसते. तरीही पदकाला कमी लेखू नये. पिसानेल्लोने १४३८ च्या सुमारास घडवलेल्या बायझंटाइन सम्राटाच्या पदकापासून ही कला प्रबोधनकाळातच बहरली. माझ्या मते उत्तम कोरीवकामाचे पदक सुमार नाण्यापेक्षा केव्हाही चांगले.

उत्तर (धाराशिव)
सद्गुणांना स्त्रीरूपात नाण्यावर आणण्याची प्रथा रोमन सम्राटांच्या काळापासूनची आहे, आणि आपल्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा, त्या काळच्या सागरी व्यापाराच्या वर्णनात उल्लेख आहे. त्यामुळे हा विषय आपल्याला परका वाटू नये. आरशासारख्या पृष्ठभागाचे ‘प्रूफ’ नाणे केवळ कडेने धरावे, कधीही घासून पुसू नये आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, कारण त्याने कालांतराने धातूवर हिरवट थर चढतो.