सायकलवरून नर्मदा परिक्रमा : मुक्काम आणि नावेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कार्तिकी एकादशीनंतर मी आणि माझी मोठी बहीण ओंकारेश्वरहून सायकलवर परिक्रमेला निघतोय. दक्षिण तटाने, मैया उजव्या हाताला. हॉटेलं नकोत, आश्रम, धर्मशाळा, नाहीतर कुणाची तरी पडवी.

पायी जाणाऱ्यांना 'नर्मदे हर' म्हटलं की चहा, सदावर्त, अंथरूण सगळं मिळतं. सायकलवाल्यांनाही तसंच सामावून घेतात का? आम्ही दोघीच आहोत, त्यामुळे संध्याकाळी गावात शिरल्यावर आधी मंदिरात विचारावं की सरळ एखाद्या घरी?

समुद्राजवळ दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जाणारी नाव भरतीच्या वेळेवर सुटते. तिच्यात सायकली घेतात का? चाकं काढून बांधाव्या लागतात का?

सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. ज्या घरात पीठ मोजून मळतात, तिथे पहिली गरम भाकरी परिक्रमावासीच्या ताटात पडते. पैसे पुढे केले तर त्यांना वाईट वाटतं, आणि काहीच न देता उठणं आम्हाला जमणार नाही. तुम्ही काय केलंत? शिधा दिलात, पोरांना वह्या दिल्यात, की आणखी काही?

जाऊन आलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, जरूर लिहा.