नऊ दिवस, तेरा धडे: बायोलॉजी वाचायची की लिहायची?

खानापूरची_ताई
भावाची सेकंड पीयूसी, म्हणजे आमच्या कर्नाटकातली बारावी, तोंडावर आलीय. बायोलॉजीला नऊ दिवस उरलेत आणि धडे 13. पोरगं रात्री दोनपर्यंत वाचूलालाय, हातात पिवळा हायलायटर. पानं इतकी पिवळी झालीत की आता न रंगवलेली ओळच उठून दिसते. काल मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, परागकण कुक्षीवर पडल्यापासून बी होईपर्यंत काय काय होतं ते सांग. दोन वाक्यांत गाडी थांबली. वर म्हणतो, "ताई, तीनदा वाचलाय की धडा!"

माझं मत: वाचणं आता बंद. धडा एकदा चाळायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, आकृती काढायची, मग पुस्तक उघडून लाल पेनानं चुका भरायच्या. सगळं होणार नाही हे धरूनच चालायचं. आधी जेनेटिक्सचे दोन धडे आणि प्रजननाचे दोन. इकोलॉजी शेवटी, जमली तर. पटतंय का?

जुना_मास्तर
अर्धं पटलं. कोरा कागद चांगला, पण ज्याला लॅक ओपेरॉन, म्हणजे जिवाणूतला लॅक्टोज पचवणाऱ्या जीनचा गट, कळलाच नाही त्याच्या कागदावर काय उतरणार? लॅक्टोज नसताना रिप्रेसर नावाचं प्रथिन ऑपरेटरवर, म्हणजे त्या जीनच्या डीएनएवरच्या बटणावर, बसतं आणि जीन बंद राहतात, लॅक्टोज आलं की ते उठतं, एवढं आधी कुणीतरी समजावायला हवं. न कळलेला धडा दोनदा वाचण्यात पाप नाही.

आणि "इकोलॉजी जमली तर" हे साफ चूक. ते धडे सोपे, त्यातले मार्क स्वस्त. खानापूरच्या पोराला जैवविविधता काय परकी आहे? भीमगडचं अभयारण्य दाराशी आहे. जेनेटिक्समध्ये पाच दिवस घालवून एक पाच मार्कांचा प्रश्न मिळवायचा आणि इकडचे सोडून द्यायचे, हा कुठला हिशेब? पुढं सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहेच. तिथं बायोलॉजीचे 60 प्रश्न, 80 मिनिटं, दोन्ही वर्षांचा अभ्यास, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. धडा अर्धवट माहीत असला तरी तिथं उपयोग होतो.

कोराकागद
सर, न कळलेल्या धड्याबद्दल मान्य. पण ताईंचा भाऊ तीनदा वाचूनही दोन वाक्यांत अडकला, म्हणजे डोळ्यांना ओळखीचं वाटतंय आणि हाताला येत नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तर लिहिणारे.

जुना_मास्तर
म्हणजे हॉलच्या दारात पुस्तक उघडून उभे राहणारे अगदीच येडे नाहीत म्हणायचे!

निपाणीकर_पोरगी
तुम्ही दोघं खरी अडचण बोलतच नाही. ताई, भाऊ दहावीपर्यंत मराठी शाळेत होता का? मी होते. तंतुकणिका म्हटलं की चित्र डोळ्यांपुढं यायचं, माइटोकॉन्ड्रिया म्हटलं की नुसता शब्द. पीयूसीचं पहिलं वर्ष मी मुकी होऊन काढलं. मग एक वही केली: डावीकडं मराठीत गोष्ट, उजवीकडं इंग्रजी लेबलं.

उदाहरण देते. बायोटेक्नॉलॉजीत तंबाखूच्या मुळात शिरणारा सूत्रकृमी आहे, मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा. नाव पाठच होईना. घरी आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "मुळांना गाठी येतात तो रोग नव्हं?" तंबाखू आमच्या घरचं पीक. मग कळलं की झाडातच दुपदरी आरएनए तयार करायचा, तो किड्याच्या एमआरएनएला, म्हणजे प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला, गप्प करतो आणि किडा झाडात जगू शकत नाही. त्यानंतर ते नाव आजतागायत विसरले नाही. आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा.

टिळकवाडी_कट्टा
गोष्ट छान, पण नऊ दिवसांत दोन भाषांच्या वह्या? पेपर इंग्रजीत लिहायचा आहे. हॉलमध्ये 'भ्रूणपोष' आठवला आणि 'एंडोस्पर्म' नाही आला, तर मार्क कोण देणार? ते काम जूनमध्ये करायचं होतं. आता थेट इंग्रजीत, जुने पेपर समोर ठेवून, घड्याळ लावून.

निपाणीकर_पोरगी
दादा, वही आता करा असं कुठं म्हटलं? जिथं पोरगं अडतंय तेवढंच तोंडी मराठीत सांगा. ताई आहे की घरात. न कळलेलं इंग्रजी पाठ करून हॉलमध्ये एक ओळ विसरली की पुढचं सगळंच जातं, हे मी भोगलंय.

टिळकवाडी_कट्टा
तोंडी असेल तर चालेल. पण लेबलांची स्पेलिंग रोज दहा वेळा लिहायचीच. त्यावर मी हटणार नाही.

खानापूरची_ताई
होय, दहावीपर्यंत मराठी शाळाच. सरांचं ऐकून इकोलॉजी मधल्या दोन दिवसांत आणली. जेनेटिक्सचे दिवस मात्र कमी करणार नाही, तिथं तो खरोखर कच्चा आहे.

काल रात्री भ्रूणकोशाची, म्हणजे फुलाच्या बीजांडात अंडपेशी असते त्या भागाची, गोष्ट मराठीत सांगितली आणि हातात कोरा कागद दिला. अंडपेशी, तिच्या शेजारच्या दोन, पलीकडच्या टोकाला तीन आणि मधली मोठी एक, सातही पेशी बरोबर आल्या. स्पेलिंगसुद्धा. केंद्रकं मोजायला लावली तर सातच भरली. आठवं कुठं गेलं म्हणून अर्धा तास कागदाकडं बघत बसला होता.

जुना_मास्तर
मधल्या पेशीत दोन असतात.

खानापूरची_ताई
सर, मी सांगितलं नव्हतं. आज पहाटे त्यानंच उठवून सांगितलं.