पावसाआधीची मिरची: तुमच्या घरी ती कशी टिकते?

मी गोव्यात पर्वरीला सहाव्या मजल्यावर राहते. गच्ची सोसायटीची, तिला कायमचं कुलूप. गेल्या जूनच्या शेवटी किलोभर हिरवी मिरची आणून ठेवली. घाटात पाऊस धरला की बेळगावची भाजी अडकते, आणि मग मिरचीचा भाव विचारायची सोय राहत नाही, हे दरवर्षीचंच. मिरची देठांसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून दिली. नवव्या दिवशी ठेच्यासाठी पिशवी काढली तर तळाशी पाणी, देठांपाशी पांढरी लव, आणि मिरची बोटानं दाबली की नुसता लिबलिबीत गाळ. अर्ध्याच्या वर फेकली.

माझी आजी डिचोलीची. तिच्याकडे मे महिना म्हणजे पुरुमेत, पावसाळ्याची बेगमी. मीठ, आमसुलं, सुकी मासळी, मिरची, सगळं पहिल्या सरीच्या आत माळ्यावर चढलेलं असायचं. पुरुमेत हा शब्द पोर्तुगीजांचा आणि मिरचीही त्यांनीच आणलेली. त्याआधी इथल्या आमटीला तिखटपणा मिरीचाच असणार. एवढं सगळं घरात असून मी एक किलो मिरची नऊ दिवस सांभाळू शकले नाही, म्हणून विचारते.

ताजी मिरची, हिरवी किंवा पिकून तांबडी झालेली, तुम्ही कशी टिकवता? फसलेलं आधी सांगा. वर्षाचा मसाला कसा करायचा हा विषय वेगळा, तो इथे नको.

मडगावकरीण

तुझी चूक पिशवीच्या गाठीत आहे गो. मिरची तोडल्यावरही श्वास घेत असते, ती वाफ जाणार कुठे? मी आणल्या आणल्या परातीत पसरते, पंख्याखाली तासभर. धुवायची नाही, वापरताना धुवायची. मग देठं काढते, कारण देठाच्या टोपीखाली ओल धरून राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. डब्याच्या तळाला जुन्या पंचाचा तुकडा, वर मिरच्या, वर पुन्हा तुकडा, मग झाकण. दर चौथ्या दिवशी कापड बदलायचं, आणि बदलताना एकेक मिरची बघायची. एक मऊ पडलेली राहिली तर ती शेजारच्या दहा जणींना घेऊन जाते. तीन आठवडे सहज निघतात. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते.

कुडचड्याचे काका

देठं काढू नका. देठ उपटला की तिथे भोक पडतं आणि सड आत शिरते. आमच्या भाजीच्या दुकानात चाळीस वर्षं हेच बघत आलो.

मडगावकरीण

काका, हिसका मारून उपटला तर भोक पडेलच. टोपी अंगठ्यानं हलकेच फिरवायची. आणि दुकानातली मिरची दोन दिवसांत विकली जाते, माझी तीन आठवडे राहायची असते.

पेडण्याचा

आमच्याकडे हरमलची मिरची. २०२१ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईचं तिच्याशी वागणं त्यामुळे काही बदललेलं नाही. भात निघाल्यावर शेतात मिरची. तोडून आणली की लगेच उन्हात टाकत नाही. दोन दिवस पडवीत सावलीला ढीग करून ठेवायची, म्हणजे अर्धी कच्ची, अर्धी तांबडी असते ती सारखी रंगते. मग सारवलेल्या खळ्यात पातळ पसरायची. संध्याकाळी गोळा करून झाकायची, कारण दिवसभर वाळवलेलं रात्रीचं दंव परत ओलं करतं. वाळली की नाही हे आई बघत नाही, ऐकते. मूठभर कानाशी धरून हलवते, आत बी खुळखुळ्यासारखं वाजलं तर झालं. किलोचे पाव किलोच्या आसपास उरतात.

आता फसलेलं. एका वर्षी मेमध्ये वळीव आला, आम्ही सगळे लग्नाला गेलेलो. भिजलेली मिरची पुन्हा वाळवली, वरून ठीक दिसत होती. महिन्याभरानं फोडली तर आत बियांवर राखाडी भुकटी. आईनं अख्खा डबा ओतून दिला. मी म्हटलं, चांगल्या निवडू, भाजून घेऊ. ऐकलं नाही, आणि बरोबर होतं तिचं: अशा बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही.

दारातली चार झाडं

आम्ही टिकवतच नाही. लागेल तशी तोडतो. कोंबड्यांनी ठेवली तर.

काणकोणहून

आमच्याकडच्या खोला गावची मिरची डोंगरउतारावर होते, पावसाच्या पाण्यावर, आणि पाऊस सरल्यावर हाताशी येते. रंग भडक, तिखटपणा बेताचा. २०१९ मध्ये मानांकन मिळाल्यापासून चावडीच्या बाजारात तिच्या नावानं भलतीच मिरचीही खपते, ते सोडा.

ताजी तांबडी मिरची विनागरात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, ठेवायची, हे मी शेजारच्या ख्रिस्ती मावशीकडून शिकलो. मिरची धुऊन, फडक्यावर रात्रभर कोरडी करून, देठं काढून, मीठ घालून विनागरातच वाटायची. पाण्याचा थेंब लावायचा नाही, मिक्सरच्या भांड्यालाही नाही. काचेच्या बाटलीत भरायची. बांगड्याला लावायला, सोरपोतेलाच्या (डुकराच्या मांसाच्या) वाटणात घालायला, कशालाही चालते. फ्रीजमध्ये माझी सहा महिने राहिली.

पण पहिल्या वर्षी मी ओळखीच्या रेंदेराकडून, म्हणजे माडाची सूर (ताडी) काढणाऱ्याकडून, त्या सुरेचं घरगुती विनागर आणलं. वास झकास. बाटली ओट्यावर ठेवलेली. पाचव्या दिवशी पहाटे बंदुकीसारखा आवाज. झाकण छताला लागलं होतं आणि पांढऱ्या भिंतीवर तांबडा पंखा उमटलेला. तो डाग दोनदा रंग देऊनही दिसतो. विनागर पुरतं आंबलेलं नव्हतं, आत अजून सूरच चालू होती. तेव्हापासून टिकवण्यासाठी बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेलं घेतो, आणि रेंदेराचं ताज्या स्वयंपाकाला.

म्हापशाची वैनी

एवढे उपद्व्याप कशाला? हिरव्या मिरच्या चिरून, लसूण घालून, गोड्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर. वरती तेलाचा थर असला की हवाच लागत नाही. वर्षभर बघायला नको.

निवृत्त परिचारिका, फोंडा

वैनी, रागावू नका, पण ती बरणी आजच फ्रीजमध्येसुद्धा ठेवू नका, टाकून द्या. हवा लागत नाही, तीच तर भानगड आहे. ओली मिरची आणि लसूण दोन्हींत आंबटपणा नसतो. तेलाखाली हवा नाही, आत ओल आहे, बाहेर आपला दमट उन्हाळा. बोटुलिझमचा जंतू अशाच जागी वाढतो, आणि त्याच्या विषाला वास नसतो, चव नसते. फेस येईल, वास सुटेल मग कळेल, असं धरून चालू नका. तेलात घालायचीच असेल तर आधी लिंबाच्या रसात नाहीतर विनागरात भरपूर मिठासह मुरवा आणि मग तेल घाला. आपल्या जुन्या लोणच्यांत लिंबू, कैरी, मीठ, फेसलेली मोहरी असते ती नुसती चवीला नव्हे.

म्हापशाची वैनी

आईच्या बरणीत लिंबू असायचं खरं. मी कंटाळा करून वगळलं. टाकली बरणी. जीव हळहळला हो.

वास्कोचा एकटा जीव

फ्रीझर. मिरच्या धुवायच्या, कोरड्या करायच्या, देठं काढायची, ताटात एकमेकींना न चिकटता ठेवून गोठवायच्या, दुसऱ्या दिवशी पिशवीत. वापरताना वितळू द्यायच्या नाहीत, गोठलेलीच चिरायची, खडूसारखी कटकन चिरली जाते. वितळली की लुळी पडते, म्हणून भज्यांना आणि तोंडी लावायला उपयोग नाही. फोडणीला, वाटणाला काही फरक कळत नाही.

दोन सूचना. पावसात आमच्याकडे वीज एकदा अख्खी रात्र गेली, सगळ्याचा एकच गोळा झाला, तो हातोडीनं फोडावा लागला. आणि मी एकदा बर्फाच्या साच्यात ठेचा गोठवला होता. मग तोच साचा, नीट धुऊन, पाहुण्यांच्या कोकम सरबतासाठी. पाहुणे सभ्य होते. दुसरा पेला कुणीच मागितला नाही.

फोंड्याची थोरली सून

सांडग्या मिरच्यांचं कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. सासूबाईंनी पहिल्या वर्षी मला हात लावू दिला नाही, नुसतं बघायला बसवलं.

मिरची फिकट पोपटी, जाड सालीची, बेताची तिखट. देठ ठेवायचा, तळताना तोच धरायचा असतो. एका बाजूनं उभी चीर, पण दोन्ही टोकं सोडून, नाहीतर सारण बाहेर. आतला पांढरा पडदा सासूबाई सुईच्या टोकानं ओढून काढायच्या, मामंजींना तिखट सोसत नसे. मी बिया काढत बसले होते, तर म्हणाल्या, "बी राहूं दे गो, खरी आग त्या पडद्यात." मेथी, धणे, जिरं थोडं भाजून जाडसर कुटायचं, त्यात हळद, हिंग आणि जरा जास्तच वाटेल इतकं मीठ. बोटानं दाबून भरायचं. मग आंबट घट्ट ताकात रात्रभर. सकाळी निथळून सुपात, उन्हात. संध्याकाळी परत त्याच ताकात. असं तीन-चार दिवस, ताक संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मिरचीचा पोपटी रंग जातो, तिसऱ्या दिवशी ती पिवळट चामड्यासारखी होते आणि चिरेच्या कडेला मिठाचे बारीक दाणे दिसायला लागतात. मग नुसतं ऊन, वाकवली की मोडेपर्यंत.

त्या वर्षी संध्याकाळी माझी बोटं पेटल्यासारखी झाली. पाण्यात घातली तर आणखीच पसरली. सासूबाईंनी खोबरेल चोळलं, मग साबण, असं दोनदा. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आता हातमोजे घालते, आणि त्या दिवशी धाकट्याला आंघोळ त्याचे बाबा घालतात.

फसलं ते असं: दोन वर्षांपूर्वी पाऊस लवकर आला, मिरच्या बाहेरून कडक, आत सारण ओलसर. पूर्वी चुलीवर शिंक्यात टांगलं की धुरानं आपोआप वाळायचं. माझ्याकडे गॅस. तशाच बरणीत भरल्या. श्रावणात झाकण उघडलं आणि आंबूस वासानंच कळलं. आता शंका आली की ओव्हन अगदी मंद ठेवून, दार जरा उघडं ठेवून दोन-तीन तास आत टाकते. खोबरेल तेलात मंद आचेवर तळायच्या, काळ्या होऊ द्यायच्या नाहीत. उकड्या तांदळाची पेज, बाहेर धो धो, आणि ही मिरची. पहिल्या घासाला देठ हातात राहतो तेवढाच.

आगरवाड्याकडचा

मिठागराच्या गावचा माणूस, म्हणून खाऱ्या पाण्याबद्दल बोलतो. आम्ही चेपणीचे तोर घालतो, म्हणजे कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात, वर दगड ठेवून. त्याच बरणीत मूठभर हिरव्या मिरच्या टाकायच्या, वेगळं काही करायचं नाही. आगरचं जाडं मीठ. पाण्याबाहेर काही डोकावता कामा नये, डोकावलं की बिघडलं. सुरुवातीला बुडबुडे येतात, घाबरू नका. वर पांढरी साय धरली तर काढून टाकायची, पण रंगीत किंवा केसाळ काही दिसलं तर बरणी गेली समजायची. पावसात ती मिरची काढून कांद्याबरोबर चेचायची, वर खोबरेलाची धार. घरात तोर उरतात, मिरच्यांवरून भांडण होतं.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचं वाचून प्रयोग केला. अर्धा किलो देठांसकट, अर्धा किलो देठं फिरवून काढलेली, दोन्ही डब्यांत कापड, एकाच खणात. सोळाव्या दिवशी मोजल्या: देठवाल्या अकरा गेल्या, बिनदेठाच्या चार. काका, एका डब्यावरून निकाल देत नाही, पण पुढचा किलो मी देठं काढूनच ठेवणार आहे.

विनागराची बाटली फ्रीजमध्ये आहे, भिंत अजून पांढरी आहे. उरली सांडगी मिरची. खिडकीच्या जाळीत सूप ठेवलं तर पारव्यांनी पहिल्याच दुपारी उलटं केलं. शेवटी गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, मग विचारलं, "ताकातल्या की नुसत्या?"

ताकातल्या, म्हटलं.

किल्ली मिळाली आहे. त्यांच्या अर्ध्या किलोसकट.