मदत हवी आहे: माझ्या फोटोंत जळगावचा हिवाळा दिसत का नाही?

नमस्कार मंडळी,

मी जळगावची. गेली तीन वर्षं दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत शहरातल्या रस्त्यावरचे फोटो काढतेय. फुले मार्केटचा परिसर, दाणा बाजार, सराफ बाजार, सुभाष चौक आणि जुन्या जळगावातल्या गल्ल्या, एवढीच माझी हद्द. नोकरी असल्यामुळे सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि रविवारची दुपार इतकाच वेळ मिळतो. कॅमेरा जुना, क्रॉप सेन्सरचा, त्यावर 35 एमएमची एकच लेन्स. बाकी फोन.

दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही वर्षांचे निवडक फोटो छापून घेतले आणि घरात जमिनीवर मांडले. धाकटा भाऊ बघत होता. त्याने विचारलं, "ताई, यातले थंडीचे कुठले?" आधी राग आला. मग मीच शोधायला लागले. शेकोटीचे आणि चहाच्या वाफेचे पाच-सहा बाजूला काढले, तर उरलेल्यांतला ऑक्टोबरचा कुठला आणि जानेवारीचा कुठला हे मागची तारीख बघितल्याशिवाय मलाही सांगता येईना. तीन वर्षांचं काम आणि त्यात ऋतूच नाही. तेव्हापासून चैन नाही.

नेटवर या विषयावर भरपूर लिहिलेलं आहे, पण ते आपल्या कामाचं नाही. पिवळी पानं, दाट धुकं, बर्फातल्या पाऊलखुणा. आपल्याकडे ऑक्टोबरात पानं गळत नाहीत, कडुनिंबाची पानगळ व्हायला फाल्गुन उजाडतो. शरद म्हणजे आपल्याला ऑक्टोबर हीट, डोळ्यांवर येणारं पांढरं ऊन. धुकंही रोज पडत नाही. आणि तरी खानदेशातली थंडी खोटी आहे असं कोण म्हणेल? पहाटे गाडी चालवताना बोटं आखडतात आणि अकरा वाजता स्वेटर डिकीत जातो. ही एका दिवसातली उलथापालथ फोटोत कशी आणायची?

मी काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवायला नको.

कार्तिकी एकादशीचा रथ तीन वर्षं काढला. 1872 पासून चालत आलेला श्रीरामाचा रथ, त्याची गर्दी, चाकांना मोगरी (रथ थांबवायचा-वळवायचा लाकडी ठोकळा) लावणारी माणसं, सगळं आहे. पण तो उत्सव झाला. मला हवा आहे साधा मंगळवार. त्या सगळ्या फोटोंतला मला आवडणारा एकच, रथ यायच्या तासभर आधीचा: बंद दुकानाच्या पायरीवर एक आजी फराळाचे शेंगदाणे सोलत बसल्या आहेत आणि टरफलं पदरात गोळा करताहेत.

भरिताचेही खूप काढले. आपली ती मोठी हिरवी वांगी, पोत्यांनी येणारी. तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ, धूर, मग लाकडी भांड्यात ठेचणं. दिसायला सुंदर. पण दहा जणांनी काढले तरी दहा सारखेच येतात. त्यात जाळ दिसतो, माणूस हरवतो.

उजेडाचा मात्र थोडा अभ्यास केला. गेल्या वर्षी 10 ऑक्टोबरच्या सुमारास भर दुपारी माझी सावली माझ्या उंचीच्या निम्मी पडत होती. 22 डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या आतबाहेर मोजली तर जवळजवळ माझ्याएवढी! आपण 21 अंश अक्षांशावर, त्या दिवशी सूर्य भर दुपारीसुद्धा जेमतेम 45 अंशांवर चढतो. म्हणजे उन्हाळ्यात फक्त सकाळ-संध्याकाळ मिळणारा तिरपा उजेड डिसेंबरात दिवसभर असतो. एवढं कळूनही फोटोत त्याचं काय करायचं ते उमगलेलं नाही. गल्लीत एक भिंत झगझगीत, दुसरी काळीठिक्कर, आणि माणूस नेमका मधे.

आता दुसरी अडचण. खरं तर हीच जास्त सलते. गेल्या जानेवारीत मेहरूणची बोरं विकणाऱ्या एक मावशी होत्या. डोक्यावरून शाल, पुढ्यात पाटी, बोरांवर ओलं फडकं. मी न विचारता फोटो काढला. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "मना फोटू काढीसन काय करशी माय?" मला उत्तर देता आलं नाही. बोरं घेतली आणि निघून आले. फोटो फार चांगला आला आहे आणि मी तो आजवर कुणालाही दाखवलेला नाही. विचारून काढावा तर माणूस पदर सारखा करून, ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतो, पुढचा अर्धा तास शेजारचे गाडीवालेही सावध. न विचारता काढावा तर हा प्रश्न मानगुटीवर. तुम्ही काय करता?

कुणी या भागात, निदान अशा शहरात काम केलं असेल तर मनापासून सांगा. महागडी लेन्स घ्या हे सोडून काहीही चालेल.

तापीकाठ:
ताई, धुरापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही तो जाळाशेजारी उभं राहून काढताय. थंडीत रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धूर वर जाऊच शकत नाही. खालीच पसरून राहतो. म्हणून सकाळी सात ते साडेआठ गल्लीच्या टोकापर्यंत निळसर थर दिसतो आणि ऊन तापलं की विरतो. उन्हाळ्यात हे दिसत नाही. तेव्हा शेकोटी सोडा, तिच्यापासून शंभर पावलं लांब जा आणि सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा. दूधवाला, शाळेची रिक्षा, झाडणाऱ्या बाया त्या थरातून येतात. डिसेंबरअखेर सूर्य सातला उगवतो, तुमच्याकडे दीड तास आहे. पुष्कळ झाला.

काळी भिंत, पांढरी भिंत हा प्रश्न कॅमेऱ्यावर सोडू नका. उजेडातल्या चेहऱ्यावरच्या प्रकाशाचं मोजमाप घ्या, सावली काळी झाली तर होऊ द्या. मी गल्लीत एक स्टॉप कमीच ठेवतो, म्हणजे कॅमेऱ्यात निम्माच उजेड घेतो. उलट गादीवाल्याकडे गेलात तर एक-दीड स्टॉप वाढवा, कारण कॅमेऱ्याचं मीटर सगळं करड्यावर आणू बघतं आणि पिंजलेला पांढराशुभ्र कापूस राखेसारखा दिसतो. आणि गादीवाल्याकडे जाच. आश्विन-कार्तिकात रजया भरायला टाकायची रांग हा खरा खानदेशी शरद आहे, पिवळी पानं गेली उडत.

पांझरेचं_पाणी:
मी धुळ्याचा. फोटो काढत नाही, कापडाचं दुकान आहे. वीस वर्षं गल्ल्यावर बसून एकच रस्ता बघतोय, म्हणून लिहितो.

ऑक्टोबरात माझ्यासमोरून लोक सावलीच्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडून तिकडे जातात, तिकडे गर्दी असली तरी. डिसेंबर लागला की तीच माणसं, तीच वेळ, पण उन्हाच्या बाजूने. कुणी ठरवत नाही, पाय आपोआप वळतात. गाडीवालेही जागा बदलतात. दसऱ्याला छत्री उघडून भिंतीला चिकटलेला केळीवाला नाताळच्या सुमाराला छत्री मिटून रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभा असतो. गिऱ्हाईकसुद्धा. उन्हाळ्यात आत येऊन पंखा लावा म्हणणाऱ्या बाया थंडीत पायरीवरच उभ्या राहून साडी बघतात, पाठ उन्हाकडे करून. कुत्री तर चटईएवढ्या उन्हाच्या तुकड्यावर चार-चार झोपतात आणि तुकडा सरकला की उठून सरकतात.

हे एका फोटोत येणार नाही, पण एकाच जागेवरून दोन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत येईल असं वाटतं. तुमच्याकडे ऑक्टोबरचे आहेतच.

भुसावळ_जंक्शन:
पांझरावाल्या दादांनी लाख मोलाचं सांगितलं.

माझी भर थोडी तांत्रिक. अजिंठ्याची चित्रं उतरवणारा रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. 1879 साली तो वारला, त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. त्या काळात काचेच्या प्लेटवर छाप उमटायला कित्येक सेकंद लागायचे, हललेला माणूस पुसट व्हायचा. ही अडचण आज मुद्दाम वापरता येते. थंडीत संध्याकाळी सहालाच दिवस मावळतो आणि बाजार मात्र भरात असतो. भिंतीला टेकून, श्वास रोखून 1/15 किंवा 1/8 सेकंदाच्या शटरवर काढा. घराकडे घाईने निघालेले पुसट येतात, गाडीपाशी हात शेकत बसलेला स्पष्ट. थंडीतली घाई आणि थंडीतलं बसणं, दोन्ही एका चौकटीत. दहातले नऊ वाया जातील, हे धरून चाला.

आणि कृष्णधवल करण्याचा मोह टाळा. रघुबीर सिंह (1942–1999) यांनी भारतातला रस्ता आयुष्यभर रंगात काढला तो उगाच नाही. आपला हिवाळा रंगांत आहे: कानटोप्यांची लोकर, गाजरं, हरभऱ्याची हिरवी डहाळी, तिळाच्या रेवड्या, पतंगाचे कागद.

तापीकाठ:
बोरांच्या मावशींबद्दल. मी चार बाय सहाची प्रिंट नेऊन देतो. आधी न विचारता काढला असेल तरी दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन जायचं आणि मग विचारायचं, हा दुसऱ्यांना दाखवू का? नाही म्हणाले तर दाखवायचा नाही, विषय संपला. सगळं मोकळेपणाने विचारून काढायचं म्हटलं तर फक्त ताठ बसलेली माणसं मिळतात हे खरं, पण ते पहिल्या दिवशी. आठव्या दिवशी कुणी ताठ बसत नाही. एकच कोपरा धरा आणि तिथे रोजच्या झाल्याशिवाय हलू नका.

धागाकर्ती (जानेवारीचा दुसरा आठवडा):
सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

गेल्या वर्षीचा सुभाष चौकातला ऑक्टोबरचा एक फोटो शोधला, रविवार दुपारी साडेबाराचा. मी तो टाकाऊ समजून बाजूला ठेवला होता. मधला रस्ता रिकामा, पांढरा फटक, आणि सगळी माणसं उजव्या कडेला सावलीच्या पट्ट्यात दाटलेली. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याच वेळी, त्याच पायरीवर उभी राहिले. सावलीची कड रिकामी! सगळे डावीकडे, उन्हात, आणि प्रत्येकाची सावली त्याच्याएवढी लांब आडवी पडलेली. दोन्ही फोटो भावासमोर शेजारी-शेजारी ठेवले, तारखा झाकून. त्याने क्षणभर पाहिलं आणि बरोबर बोट ठेवलं.

आता दर रविवारी तीच पायरी. मार्चपर्यंत जाणार आहे, माणसं परत रस्ता ओलांडतात तो दिवस मला गाठायचा आहे.

1/8 चे फोटो अजून जमत नाहीत, हात हलतो. भिंतीऐवजी कशावर टेकवता ते सांगा.

मावशी गेल्या आठवड्यात दिसल्या, त्याच जागी. प्रिंट हातात दिली. त्यांनी ती पदराने पुसली, बराच वेळ पाहिली, शालीचा रंग बरोबर आला आहे म्हणाल्या. दुसऱ्यांना दाखवू का विचारलं तर म्हणाल्या, दाखव. मग शेजारी पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईंकडे हात करून, "तिना बी काढ." त्या पेरूवाल्या बाई ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. मी तसाच काढला. रविवारी त्यांची प्रिंट द्यायची आहे.