आत्याला झालेला स्तनाचा कॅन्सर आपल्यासाठी धरतात का?

मिरजकरीण
नमस्कार. माझं वय ३४, मुलगी सहा वर्षांची. गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला आत्याच्या पाठीला तेल लावत होते. काखेपाशी हात गेला आणि चिंचोक्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. टणक, दाबलं तरी जागचं हलेना. आत्या म्हणाली, "राहू दे गं, दुखत नाही." आठ महिने अंगावर काढत होती. स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा ती ४३ची. ऑपरेशन, केमो झाले, आता बरी आहे.

आजी, म्हणजे बाबांची आई, "पोटात पाणी झालं" म्हणून गेली असं ऐकत आलो. आत्याच्या फाइलसाठी जुने कागद काढले तर त्यावर अंडाशयाचा कॅन्सर लिहिलेला.

आमचे डॉक्टर म्हणाले, "आईकडे कुणाला नाही ना? वडिलांकडचं धरत नाहीत. चाळिशीनंतर या." मन मानत नाही. खरंच धरत नाहीत? आत्ताच मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करून घेऊ का?

जाईजुई
धरतात. आईकडचं धरतात तेवढंच. मला ४६व्या वर्षी झाला तेव्हा मीही फॉर्मवर "आईकडे कुणी नाही" एवढंच लिहिलं होतं. समुपदेशक बाईंनी तीन पिढ्यांचा तक्ता काढला, बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. आजारी माणसं पेनने काळी करत गेल्या, आणि बाबांच्या बाजूला तीन गोल काळे झाले. मी बघतच राहिले.

बीआरसीए १ आणि २ या जनुकांमध्ये दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. बापात असला तर प्रत्येक लेकरात उतरायची शक्यता निम्मी. बापाला बहुतेकदा काही होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि एकाच घरात स्तन आणि अंडाशय दोन्ही दिसले, तर जनुकांच्या तपासणीबद्दल विचारायलाच हवं.

पण आधी तू रक्त देऊ नकोस. आधी आत्याचं. तिच्यात दोष सापडला तर मग बाबांचं आणि तुझं. आत्याला सोडून तुझा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्यावरून नीट काही सांगता येत नाही. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

घरात ज्या वयात झाला त्याच्या साधारण दहा वर्षं आधी तपासण्या सुरू करतात. म्हणजे तुझी वेळ झालीच आहे. तरुण वयात फिल्मवर स्तन पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून सोबत सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का ते विचार. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही नको, त्याचे कण ठिपक्यांसारखे उमटतात.

उपकेंद्रातली सिस्टर
मी एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका आहे. मिरजकरीणताईंना उत्तर मिळालंय, मी बाकीच्यांसाठी लिहिते. घरात कुणाला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, हा कॅन्सर होणाऱ्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. वय, लवकर आलेली आणि उशिरा गेलेली पाळी, तिशीनंतरचं पहिलं बाळंतपण, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, या सगळ्यांनी धोका वाढतो.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहे. हाताने काय कळणार म्हणू नका. टाटाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या जणींना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

"दुखत नाही" हे मी रोज ऐकते. अहो, ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही!

मिरजकरीण
जाईजुईताई, सिस्टर, दोघींचे मनापासून आभार. आत्ताच आत्याला फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याही दोन पोरी आहेत. कधी जायचं ते सांग." बाबांशी रात्री जेवणं झाल्यावर बोलते.