एकच खेळ, पण कितव्या वर्षापासून?
तिरंदाज आदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली, म्हणून पोरांना लहानपणीच एका खेळाला जुंपा, हे मला पटत नाही. आपल्याच साताऱ्याची, माणमधल्या मोहीची ललिता बाबर बघा. आधी मॅरेथॉन गाजवल्या, स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची शर्यत) नंतर वळली आणि २०१६ ला रिओत ऑलिंपिकची फायनल धावली.

माझा मुलगा नवव्या वर्षापासून नुसती फास्ट बॉलिंग करायचा, बाराही महिने. तेराव्या वर्षी बूट बांधायला वाकला की कंबर धरायचा. आम्हाला वाटलं, कंटाळा करतोय. एमआरआयमध्ये मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं. वाढत्या वयातल्या फास्ट बॉलरांत हे बऱ्यापैकी आढळतं म्हणे. चार महिने चेंडूला हात नाही. आता आठवड्यातले तीन दिवस खो-खो खेळतो, आणि त्या दिवशी बॉलिंग पूर्ण बंद. धाकटीला तर दहावीपर्यंत हवं ते खेळू देणार आहे.